पांढऱ्या सोन्यामागचे डॉक्टर

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात खामगावची चांदी प्रसिद्ध. आताच्या लेकीसुनांना मात्र पांढरं सोनं, म्हणजे व्हाइट गोल्डही हवं असतं. महिलांमध्ये काम करताना मी पाहते, एखादीला दागिना घातला की कानाला खाज सुटते, पाणी येतं. मग हिला सोनं लाभत नाही, असंही तिला ऐकावं लागतं. मैत्रिणींनो, दोष बहुतेकदा सोन्याचा नसतो. त्यात मिसळलेल्या निकेलचा असतो. निकेलला पर्याय ठरलेला धातू ज्यांनी शोधला, त्या विल्यम हाइड वोलस्टन यांची ही गोष्ट.

वोलस्टन यांचा जन्म १७६६ चा, इंग्लंडमधला. शिकले डॉक्टरकी, पण १८०० मध्ये ती सोडून लंडनला प्रयोगशाळेत रमले. प्लॅटिनमच्या खनिजातून १८०२ मध्ये त्यांना एक नवा पांढरा धातू मिळाला. त्याच वर्षी सापडलेल्या पॅलास या लघुग्रहावरून त्याचं नाव ठेवलं पॅलेडियम.

गंमत बघा, शोध रीतसर जाहीर न करता त्यांनी १८०३ मध्ये तो धातू फॉर्स्टरबाईंच्या दुकानात चक्क विकायला ठेवला, तोही निनावी! चेनेविक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हे तर प्लॅटिनम आणि पाऱ्याचं मिश्रण, असं जाहीर केलं. तसं करून दाखवणाऱ्याला वोलस्टन यांनी निनावीच बक्षीस लावलं. कुणालाच जमलं नाही. १८०४ मध्ये त्यांनी ऱ्होडियम शोधलं आणि १८०५ मध्ये पॅलेडियमही आपलंच, हे सांगून टाकलं.

प्लॅटिनम घडवण्याची रीत त्यांनी वर्षानुवर्षं गुपित ठेवली, त्यावर पैसाही कमावला. पण शेवटच्या आजारपणात ती जगाला देऊन टाकली आणि डिसेंबर १८२८ मध्ये डोळे मिटले.

पुढे विसाव्या शतकात पांढरं सोनं बाजारात आलं. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं असतं. उरलेल्या २५ टक्क्यांत निकेल असेल तर काहींच्या कातडीला त्रास होतो; त्याऐवजी पॅलेडियम असेल तर बहुतेकींना होत नाही. वरची चकाकी असते ऱ्होडियमच्या मुलाम्याची. तो झिजला की आतलं निकेल अंगाला लागतं. युरोपने तर १९९४ मध्येच दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा घालणारा नियम केला.

हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, बाकी काय मिसळलंय ते नाही. म्हणून पांढरं सोनं घेताना सराफाला आधी विचारा, यात निकेल आहे की पॅलेडियम? पॅलेडियमचं महाग पडतं खरं, पण लेकीचा कान त्याहून मोलाचा.