वाल्देमार हाफकिन : शरीराच्या संरक्षक शक्तीचा उपासक

मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. परंतु हे हाफकिन कोण, याची माहिती फार थोड्यांना असते. जन्माने ते परदेशी होते, परंतु त्यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे भारतीयांचे प्राण वाचविण्यात घालविली. त्यांचे चरित्र प्रत्येक पालकाने व विद्यार्थ्याने माहीत करून घेण्यासारखे आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ हे थोर शास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा महत्त्वाचा शोध मेचनिकॉफ यांचाच. शिष्याची बुद्धी प्राध्यापकपदाच्या योग्यतेची होती, पण त्यासाठी धर्म बदलावा लागणार होता. हाफकिन यांनी ते नाकारले व देश सोडला. १८८९ साली ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. तेथे प्रथम मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची नोकरी. तीही त्यांनी आनंदाने पत्करली आणि उरलेल्या वेळात पटकीच्या जंतूंवर संशोधन केले. १८९२ साली पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यास आले.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. माणसे पटापट मरू लागली, शहर ओस पडू लागले. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे १८९७ साली निधन झाले, ते याच साथीत. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या साधनांवर त्यांनी काम आरंभिले.

त्यांची पद्धत समजण्यास सोपी आहे. मांसाच्या रश्श्यात ते प्लेगचे जंतू वाढवीत. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत, म्हणजे त्यांच्या आधाराने जंतू खाली लोंबत भरपूर वाढत. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून रस्सा बोकडाच्या मांसाचा केला जाई. नंतर उष्णता देऊन सर्व जंतू मारीत व त्यात कार्बोलिक आम्ल घालीत.

मेलेले जंतू टोचून काय साधते, असे कोणी विचारील. आपली त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. ती ओलांडून जंतू आत आले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. काही पेशी त्या विशिष्ट जंतूला निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार करतात. पण शत्रू नवा असेल तर या तयारीला काही दिवस लागतात, आणि प्लेगसारखा रोग तेवढी सवड देत नाही. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, परंतु शरीराला त्याची ओळख पटते व ती स्मरणात राहते. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर लस म्हणजे मुख्य परीक्षेपूर्वीची सराव परीक्षा होय.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते सुखरूप राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले.

तरीही लोकांच्या मनात भीती होती. अशा वेळी अवघ्या एकोणीस वर्षांचे आगाखान तिसरे पुढे आले. त्यांनी चारचौघांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली व हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. त्यांच्यामागोमाग खोजा समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. पुढारी स्वतः हात पुढे करतो तेव्हा समाजाचे भय जाते, हे येथे दिसून आले. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली.

परंतु १९०२ साली मोठा आघात झाला. पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. दोष हाफकिन यांच्यावर आला व त्यांना कामावरून दूर करण्यात आले. ते वैद्यकीचे पदवीधर नव्हते, म्हणून काही डॉक्टरांचा रोष आधीपासूनच होता. पुढे साक्षीपुराव्यात निघाले की, बाटली उघडताना साहाय्यकाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठविला आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. ते पुन्हा कलकत्त्यास कामावर आले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आज प्लेगवर प्रतिजैविक औषधे आहेत. पण गोवर, घटसर्प, धनुर्वात, पोलिओ यांपासून बालकांना वाचविण्याचा मार्ग लसीकरणाचाच आहे. टोचल्यावर बाळाला थोडा ताप आला म्हणून पुढचा डोस चुकविणाऱ्या मातापित्यांनी लक्षात घ्यावे की, बहुधा तो ताप म्हणजे शरीर धडा शिकत असल्याची खूण असते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे, अफवेला विचारू नये. आणि विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे की, पद नाकारले गेले, कलंक लागला, तरी ज्याने अभ्यास सोडला नाही त्याचे कार्य लाखोंच्या उपयोगी पडले.