फेलिक्स हाउसडॉर्फ : आकारांना माप देणारा गणिती

कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देण्यापूर्वी स्कॅनवर गाठीची कड आखावी लागते. ही रेष डॉक्टर आखतात. हल्ली संगणकही आखतो. दोन रेषा एकमेकींपासून जास्तीत जास्त किती दूर गेल्या आहेत, हे तपासण्याचे एक माप म्हणजे ‘हाउसडॉर्फ अंतर’. सरासरीत झाकली जाणारी एकाच जागची मोठी तफावत हे माप उघडी पाडते. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते फेलिक्स हाउसडॉर्फ मात्र डॉक्टर नव्हते, गणिती होते.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात, एका ज्यू कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. बालपण आणि शिक्षण जर्मनीतील लाइपझिगमध्ये झाले. ओढा संगीताकडे होता, पण वडिलांच्या आग्रहामुळे तो मार्ग सुटला. १८९१ मध्ये वातावरणातून येणाऱ्या प्रकाशाच्या वक्रीभवनावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ‘पॉल मोंग्रे’ या टोपणनावाने कविता, तत्त्वचिंतन आणि एक नाटकही लिहिले. १८९९ मध्ये एका डॉक्टरांची कन्या शार्लोट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१४ मध्ये संच सिद्धांतावरचा त्यांचा ग्रंथ आला आणि गणिताच्या एका नव्या शाखेचा पाया घातला गेला.

१९१९ मध्ये, ग्राइफ्सवाल्ड येथे प्राध्यापक असताना, त्यांनी अवघ्या तीन पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांचा. अशी चौकोनी सारणी एका सदिशाचे दुसऱ्या सदिशात रूपांतर करते. लांबी १ असलेला कोणताही सदिश घ्या, सारणी त्याच्यावर चालवा आणि आलेल्या उत्तराचा मूळ सदिशाशी गुणाकार करा. एक संमिश्र संख्या मिळते. ती कागदावर एका ठिपक्याने दाखवता येते. असे सर्व सदिश घेतले की ठिपक्यांचा एक आकार तयार होतो.

या आकाराची बाहेरची कड कुठेही आत दबलेली नसते, हे ओटो टोप्लिट्झ यांनी १९१८ मध्ये सिद्ध केले होते. पण आत एखादे भोक असेल तर? भोक असूच शकत नाही, आकार आतून पूर्ण भरलेला असतो, हे हाउसडॉर्फ यांनी दाखवून दिले. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या सारणीसाठी हा आकार साधारणतः लंबवर्तुळ असतो आणि सारणीची दोन आयगेन मूल्ये त्याच्या नाभींवर बसतात.

याचा उपयोग काय? औषध रक्तातून ऊतींत आणि ऊतींतून परत रक्तात कसे जाते, यासारख्या बदलत्या गोष्टींची गणिते सारणीने मांडतात. आयगेन मूल्ये सांगतात, शेवटी काय होईल. टोप्लिट्झ-हाउसडॉर्फ यांचा आकार सांगतो, सुरुवातीला काय होऊ शकते. एखादा बिघाड अखेरीस शमणार असला, तरी त्याआधी तो बळावू शकतो. आजारातही रोगी बरा होणार एवढे कळून भागत नाही. मधले दिवस कसे जातील हेही पाहावे लागते.

टोप्लिट्झही ब्रेस्लाऊचेच आणि ज्यू कुटुंबातलेच. पुढे दोघेही बॉन विद्यापीठात सहकारी होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. १९३५ मध्ये हाउसडॉर्फ निवृत्त झाले, तर टोप्लिट्झ यांना पदावरून काढण्यात आले. टोप्लिट्झ १९३९ मध्ये जेरुसलेमला गेले आणि वर्षभरात, फेब्रुवारी १९४० मध्ये, क्षयाने वारले. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला तेव्हा तीन वर्षे होती.

हाउसडॉर्फ जर्मनीतच राहिले. १९३९ मध्ये अमेरिकेत संशोधनवृत्ती मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. अपमान आणि निर्बंध वाढत होते, तरी घरी बसून गणित चालू होते. जानेवारी १९४२ मध्ये एंडेनिख येथील छावणीत हलण्याचा हुकूम आला. तिथून पुढे कुठे नेतात, याचा अंदाज त्यांना होता. २६ जानेवारीला त्यांनी, पत्नीने आणि मेहुणीने एकत्र जीवन संपवले. हाउसडॉर्फ ७३ वर्षांचे होते. या तिघांचे मरण कागदोपत्री आत्महत्या ठरले. पण त्यामागचे कारण रोग वा मनोविकार नव्हता, राजवटीचा तो हुकूम होता.

त्यांची हस्तलिखिते मात्र वाचली. ज्या बॉनमध्ये त्यांना जगू दिले गेले नाही, तिथेच आज त्यांच्या नावाचे गणित केंद्र आहे. आणि स्कॅनवरच्या दोन रेषांमधली तफावत मोजताना त्यांचे नाव आजही घेतले जाते.