निराश्रितांचा वटवृक्ष : कर्मवीर भाऊराव पाटील

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने ज्या थोर विभूती देशाला दिल्या, त्यांत कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचे स्थान अग्रभागी आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी त्यांचा जन्म झाला. मूळ घराणे ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात कारकून होते. शाळेतील प्रगती यथातथाच राहिली. मॅट्रिकची पायरी भाऊरावांना कधी ओलांडता आली नाही.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहत. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडण्यात आले. त्या समारंभास भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी बजावले. भाऊरावांनी साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्या समाजाच्या इतिहासातील हा प्रसंग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अण्णासाहेब स्वतः विद्वान आणि सुधारणेचे पुरस्कर्ते होते. तरीही त्या दिवशी रूढी वरचढ ठरली. आसरा गमावलेल्या या तरुणाला छत्रपती शाहू महाराजांनी राजवाड्यावर ठेवून घेतले.

याच कथेचा दुसरा अर्धा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. १९१४ मध्ये कोल्हापुरात बादशहांच्या पुतळ्यास डांबर फासले गेले. त्या प्रकरणात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, म्हणून त्यांना कोठडीत डांबून त्यांचा अनन्वित छळ करण्यात आला. जीव नकोसा होण्याची वेळ आली, पण ज्यांनी आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्यांच्याविरुद्ध असत्य बोलण्यास त्यांची जीभ वळली नाही. सत्य हे अणुव्रत ग्रंथात वाचणे निराळे आणि कोठडीत पाळणे निराळे.

खेड्यापाड्यातील मुलांसाठी निवारा उभारण्याचे त्यांचे काम दूधगावी १९१० च्या सुमारासच सुरू झाले होते. तेथील वसतिगृह मुष्टिफंडावर चाले. घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि त्यातून मुलांचा स्वयंपाक व्हायचा, अशी ती साधी योजना होती. पुढे ओगले यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले, त्यामुळे रयतेच्या घरातील अज्ञान व दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथील वसतिगृहात मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका पंक्तीला जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाचा भार प्रत्यक्षात वाहिला तो सौ. लक्ष्मीबाईंनी. त्या कुंभोजच्या सुखवस्तू जैन पाटील घराण्यातील. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत त्या वाढल्या होत्या. अशा स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या चुलीपाशी घ्यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. माहेरचे दागिने एकेक करून मुलांच्या अन्नासाठी गेले. एकदा भाऊराव फिरतीवर असताना कोठीतील धान्य संपले. मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेत त्यांना रयत माउली म्हणतात, ते उगाच नव्हे.

पत्नीच्या पश्चात भाऊराव थांबले नाहीत. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले, १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. बहुतेक ठिकाणी मुले शेतात वा बांधकामावर श्रम करून आपला खर्च भागवीत.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषास पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला.