ना. म. जोशी आणि जिनीव्हाचा जाब

वसई पूर्वेच्या गाळ्यांतून राबणाऱ्या कामगारांना, किंवा विरारहून गाडी पकडून मुंबई गाठणाऱ्या कारकुनांना, लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग माहीत असतो. ज्या गृहस्थांचे नाव त्याला दिले ते मात्र विस्मृतीत गेले आहेत.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली, नंतर ते भारत सेवक समाजात शिरले आणि १९११ साली मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस सरकारने त्यांना कामगार प्रतिनिधी म्हणून परस्पर धाडले. कामगारांना न विचारता झालेल्या या निवडीवर टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. प्रातिनिधिक संघटनेची निकड त्यातूनच पटली व १९२० साली आयटक जन्मास आली.

त्या परिषदेने इतरांस आठवड्याचे ४८ तास ठरविले, हिंदुस्थानास मात्र ६०! तथापि हा करार १९२१ साली मंजूर झाल्यामुळे १९२२ च्या कारखाना कायद्यात ६० तासांची मर्यादा आली. बालकामगारांचे किमान वयही नऊवरून बारावर गेले. करारावर सही करणे सोपे, पाळणे अवघड. म्हणूनच सरकारांचे वार्षिक अहवाल तपासण्यासाठी १९२६ साली तज्ज्ञांची समिती नेमण्याचे ठरले. हे तज्ज्ञ कोणत्याही सरकारचे प्रतिनिधी नसत. मानवी हक्कांच्या करारांवर देखरेख करणाऱ्या आजच्या समित्यांचे हे पूर्वरूपच होय.

जोशी पुढे कामगार संघटनेच्या नियामक मंडळावरही होते. जिनीव्हास जाणे म्हणजे साम्राज्यशाहीशी हातमिळवणी, असा जहालांचा आक्षेप. त्यावरून १९२९ साली नागपुरास आयटक फुटली आणि जोशी बाहेर पडले. आमच्या मते त्यांचे गणित व्यवहारी होते. दिल्लीच्या विधिमंडळात त्यांनी १९२४ साली मांडलेले प्रसूतिसाहाय्याचे विधेयक फेटाळले गेले होते. घरी दाद न लागणाऱ्याने बाहेरच्या चावडीवर जाऊ नये तर काय करावे? पुढे १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केलाच.

जोशी १९५५ साली निवर्तले. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ साली स्वीकारला. १९९७ नंतर त्या समितीपुढील भारताची पुढली तपासणी थेट २०२४ साली झाली. आणि संघटनास्वातंत्र्याचा १९४८ चा कामगार करार? तो भारताने अद्याप मंजूरच केलेला नाही.