विश्लेषण : वीजजाळ्याचे हेलकावे मोजणारे गणित मांडणारे प्रोनी कोण होते?

वीजजाळ्यातील मोठी वाहिनी बंद पडली की जनित्रांचे गट परस्परांविरुद्ध संथ हेलकावे घेऊ लागतात. ते विरले तर ठीक. वाढत गेले तर जाळेच तुटते. १० ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागात तेच झाले आणि सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली. हेलकावा विरतो आहे की वाढतो आहे, हे नोंदींवरून ओळखण्याची एक पद्धत ‘प्रोनी विश्लेषण’ म्हणून ओळखली जाते. ती मांडणाऱ्या गृहस्थांनी वीजजाळे पाहिलेच नव्हते.

वाफेपासून सुरुवात...

गास्पार द प्रोनी यांचा जन्म १७५५ मध्ये फ्रान्समधील शामले गावचा. शिक्षणाने ते पूल-रस्त्यांचे अभियंता. राज्यक्रांतीनंतर जमीनमोजणीच्या कामासाठी त्यांनी लॉगॅरिथमची प्रचंड कोष्टके करवून घेतली. मोजके गणिती सूत्रे ठरवीत आणि खालचे गणक केवळ बेरीज-वजाबाकी करीत. सरदारांचे विग गेल्याने बेकार झालेले केशभूषाकार त्यांत होते, असे सांगतात. पैशांअभावी ती कोष्टके प्रोनी यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. कामाच्या या विभागणीतून चार्ल्स बॅबेज यांना मात्र गणनयंत्राची दिशा मिळाली.

१७९५ मध्ये पाणी आणि अल्कोहोलच्या वाफेचा दाब तापमानानुसार कसा वाढतो, हे ते सूत्रात बसवत होते. समान अंतराने घेतलेल्या नोंदींत प्रत्येक नोंद आधीच्या काही नोंदींना ठरावीक आकड्यांनी गुणून केलेल्या बेरजेइतकी येते, असे त्यांनी धरले. ते आकडे सापडले की एक समीकरण तयार होते. हीच रीत हेलकाव्याला लावली, तर त्या समीकरणाच्या मुळांतून त्याची वारंवारता आणि विरण्याचा दर, दोन्ही मिळतात.

मग अडचण कुठे?

नोंदींतल्या गोंगाटात. वारंवारता बहुधा बरोबर येते, पण विरण्याचा दर चटकन चुकतो, आणि नियंत्रण कक्षाला हवा असतो नेमका तोच. म्हणून अभियंते आता गरजेपेक्षा कितीतरी जास्त नोंदी घेऊन त्रुटी कमीत कमी ठेवणारे उत्तर काढतात. उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेल्या अशा नोंदी देणारे पहिले उपकरण अरुण फडके आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेक येथे घडवले.

नेपोलियनबरोबर इजिप्तला जाण्यास प्रोनी यांनी नकार दिला होता. तरीही पूल-रस्त्यांच्या त्याच शाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे राहिले. १८३९ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यांना ओळखतात ते इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या १८२१ च्या ‘प्रोनी ब्रेक’मुळे. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांतही ते आहेत.