शेतकऱ्यांच्या लेकरांचे शिक्षणमहर्षी : डॉ. पंजाबराव देशमुख

भिवापूरचे नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर लालभडक मिरची उभी राहते. नागपूर जिल्ह्यातील हा तालुका प्रामुख्याने शेतीवर जगणारा. मुलगा वा मुलगी शाळा संपवून पुढे कोठे शिकणार, परगावी राहण्याजेवणाची सोय कशी होणार, ही चिंता येथील शेतकरी मायबापांना परिचयाची आहे. या चिंतेवर उपाय शोधण्यासाठी ज्यांनी आपली विद्या व सत्ता दोन्ही वेचली, त्या विदर्भपुत्राचे आपण आज स्मरण करू या.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्यानंतर १९२० साली ते विलायतेला गेले. एडिंबरो येथे एम.ए., ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर डॉक्टरेट आणि शिवाय बॅरिस्टरची पदवी, एवढी विद्या घेऊन ते मायदेशी परतले.

वकिलीत पैसा व मान दोन्ही मिळाले असते. परंतु आपण शिकलो तसे गावातील इतरांनी का शिकू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीचे ते पुढारी होते. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद लाभताच त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. पुढे ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे मंत्रीही झाले. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली.

केवळ शाळा काढून भागत नाही, कायद्याचेही बळ लागते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच संविधान सभेत मागास वर्गांना शासकीय सेवेत योग्य वाटा मिळावा, असा आग्रह त्यांनी धरला. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिखाते सांभाळत होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला, तर १९५९ साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविण्यात पुढाकार घेतला. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांचे नाव अभिमानाने धारण करते. नागपुरातही त्यांच्या संस्थेचे विज्ञान महाविद्यालय उभे आहे. राष्ट्राचा इतिहास केवळ राजधानीत घडत नाही. एखाद्या वसतिगृहाच्या पंगतीतही तो घडतो, हेच या जीवनातून आपण शिकतो. शिक्षणाने मिळालेले पद शिक्षणापासून वंचित राहिलेल्यांसाठी वापरावे, हा त्यांचा वारसा आहे. आपल्या गावातील एका गरजू मुलाच्या वा मुलीच्या पुढील शिक्षणाचा भार जरी आपण मिळून उचलला, तरी त्यांचे स्मरण खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.