दातांवरच्या थरात जग पाहणारा कापड दुकानदार

उद्या सकाळी उठल्यावर दात घासण्याआधी जिभेचे टोक दातांवरून फिरवून पाहा. एक बुळबुळीत थर हाताशी लागल्यासारखा जाणवेल. आपण तो थुंकून विसरून जातो. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने तो थर भिंगाखाली धरला आणि मानवाला एका अदृश्य सृष्टीचे दार उघडून दिले. त्याचे नाव आंतोन व्हान लेव्हेनहूक.

हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी १६३२ साली त्याचा जन्म झाला. वडील टोपल्या विणीत. ते लवकरच वारले. सोळाव्या वर्षी आंतोनला ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याच्या हाताखाली ठेवण्यात आले. १६५४ मध्ये गावी परतून त्याने लग्न केले व स्वतःचे कापड दुकान थाटले. पुढे नगरपालिकेत लहानशी नोकरीही मिळाली. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. त्या काळची विद्वानांची भाषा लॅटिन होती. ती त्याला येत नव्हती. येत होती फक्त मातृभाषा, डच.

कापडाचा पोत तपासण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. आंतोनला भिंगाचाच ध्यास लागला. बोटभर उंचीची धातूची पट्टी, तिच्यात मसुराच्या दाण्याहूनही बारीक असे एकच भिंग, असे त्याचे सूक्ष्मदर्शक होते. आज शिल्लक असलेल्यांपैकी एक सुमारे २७० पट मोठे दाखवते.

मिरी तिखट का लागते हे शोधण्यासाठी त्याने मिरी पाण्यात भिजत ठेवली. त्या पाण्यात त्याला असंख्य सूक्ष्म जीव पोहताना दिसले. १६७६ साली त्याने ही हकिगत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. विद्वानांना ते खरे वाटेना. लेव्हेनहूक रागावला नाही. धर्मोपदेशकांसह गावातील आठ प्रतिष्ठितांना त्याने ते जीव दाखवले आणि त्यांच्या साक्षी लंडनला धाडल्या. अखेर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक याने स्वतः प्रयोग करून ते सत्य असल्याची ग्वाही दिली. १६८० साली सोसायटीने या दुकानदाराला आपला सदस्य करून घेतले.

आता दातांची गोष्ट ऐका. लेव्हेनहूक रोज मिठाने दात घाशी, फडक्याने पुशी. तरीही दाढांच्या फटीत पांढरट थर राही. १६८३ मध्ये त्याने तो कोरून पाण्यात मिसळला व पाहिला. त्यात जीवच जीव वळवळत होते. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांचा सुळसुळाट होता. मग त्याने तीव्र व्हिनेगरने चूळ भरली. थरातील वरवरचे जीव मेले, पण आतले जिवंतच राहिले. व्हिनेगर थराच्या आत शिरलेच नव्हते.

वाचकहो, या साध्या निरीक्षणाचे मोल विज्ञानाला फार उशिरा कळले. जिवाणू सहसा एकेकटे राहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य निर्माण करतात आणि अनेक जातींची मिळून वस्ती उभारतात. हिला बायोफिल्म म्हणतात. १९७८ नंतर या विषयाचा कसून अभ्यास सुरू झाला. दातांवरची वस्ती साखर खाऊन आम्ल तयार करते व दात किडतात. लघवीची नळी, कृत्रिम सांधा, हृदयाची झडप यांवरही अशी वस्ती बसते. औषध आत नीट पोहोचत नाही, आतले जिवाणू मंद गतीने जगतात, म्हणून बरा झालेला वाटणारा आजार पुन्हा उलटतो. अर्थात सर्वच जिवाणू वैरी नव्हेत. आपल्या आतड्यातील कित्येक जिवाणू अन्न पचवण्यास मदत करतात व के जीवनसत्त्व पुरवतात.

लेव्हेनहूकची पाचांपैकी चार अपत्ये बालपणीच दगावली. उरलेली मुलगी मारिया हिने अखेरपर्यंत त्याची सेवा केली. १७२३ साली नव्वदाव्या वर्षी तो वारला. शेवटच्या आजारातही त्याची पत्रे लंडनला जात होती. एक दोष मात्र सांगितला पाहिजे. उत्तम भिंगे बनवण्याची आपली रीत त्याने कोणास शिकवली नाही. त्यामुळे त्याच्यामागे हे शास्त्र दीर्घकाळ रखडले. दडवलेली विद्या धन्याबरोबरच मातीत जाते.

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी येत नाही, घरात कोणी शिकलेले नाही, म्हणून खट्टू होऊ नका. टोपल्या विणणाऱ्याच्या मुलाने मातृभाषेत लिहून जगाला शिकवले. आणि घरातील वडीलधारे मिसवाकचा आग्रह धरतात तेव्हा कंटाळा करू नका. मिसवाक असो वा ब्रश, नुसती चूळ भरून तो थर जात नाही. तो घासावाच लागतो. अज्ञानाच्या थराचेही तसेच आहे.